दशावतारी गंजिफा आणि घरातील कथाकथन : एक विवेचन

प्रस्तावना :

'पत्ते' हा शब्द मराठवाड्यातील शेतकरी व मध्यमवर्गीय कुटुंबांत फारशा आदराने उच्चारला जात नाही. पारावर, बसस्थानकाच्या मागे किंवा बंद पडलेल्या दुकानाच्या ओट्यावर रंगणारा तीन पत्तीचा डाव, त्यात गेलेले पैसे आणि त्यावरून घराघरांत झालेली भांडणे यांची आठवण या शब्दाला चिकटलेली आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर त्याखालील कारवाईची बातमी अधूनमधून असतेच. दुसरीकडे, उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी दारे लोटून याच घरांत बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, मेंढीकोट हे खेळ मुलांबरोबर मोठी माणसेही खेळत आली आहेत. या खेळांत राजा असतो, राणी असते, गुलाम असतो. परंतु हा राजा कोणत्या गावचा आणि गुलाम त्याच्याकडे कसा आला, असे कोणी विचारत नाही. खेळाला त्याची गरज नसते. गोष्ट सांगण्याचे काम रात्री अंथरुणावर पडल्यावर आजीचे असते. पत्ते दुपारचे आणि गोष्ट रात्रीची, अशी ही वाटणी आहे.

प्रस्तुत लेखात या दोन गोष्टी एकत्र आल्यास काय घडते याचा विचार केला आहे. त्यासाठी आधार म्हणून सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हा महाराष्ट्रातील पारंपरिक पत्त्यांचा खेळ घेतला आहे. एक बाब सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. गंजिफा हा मुळात गोष्टी सांगण्याचा खेळ नव्हे. तो हात जिंकण्याचा, स्मरणशक्तीचा खेळ होय. त्याच्या पानांवर गोष्टी रंगविलेल्या असल्या तरी खेळताना त्या सांगितल्याच पाहिजेत असा नियम परंपरेत नाही. गोष्ट सांगण्याची जोड प्रस्तुत लेखिकेच्या घरात, कुटुंबीय व मित्रमंडळी यांच्या सोबतीने, गेल्या दोन उन्हाळ्यांत दिली गेली. म्हणून हा लेख सर्वेक्षणावर आधारलेला नसून एका घरातील अनुभवाचे, उपलब्ध माहितीच्या प्रकाशात केलेले विवेचन आहे. लेखिकेच्या एम. फिल.चा विषय व्रतकथांचे मौखिक कथन हा होता. त्यामुळे खेळापेक्षा कथनाकडे लक्ष अधिक गेले असल्यास ती या लेखाची मर्यादा समजावी.

गंजिफा : थोडी पूर्वपीठिका

'गंजिफा' हा शब्द फारसी भाषेतून आला. हिंदुस्थानातील या खेळाचा प्रसिद्ध जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ मध्ये त्याने सिंधमधील शाह हसन याला गंजिफाची पाने पाठविल्याची नोंद केली आहे. पुढे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'मध्ये या खेळाला स्वतंत्र जागा दिली. त्याने वर्णन केलेल्या जुन्या संचात बारा रंग आहेत आणि त्यांची नावे पाहिली की शब्द फारसी असला तरी खेळ किती लवकर इथल्या मातीत रुजला हे ध्यानात येते : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती इत्यादी. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १४४. मोगल गंजिफा म्हणून पुढे रूढ झालेला संच मात्र आठ रंगांचा व ९६ पानांचा होता. ताज, शमशेर, गुलाम, चंग, बरात, किमाश आणि सुर्ख व सफेद ही दोन नाणी, असे त्याचे आठ रंग. एका राज्याच्या कारभाराचे हे चित्रच आहे : मुकुट, तलवार, चाकर, वाद्य, दस्तऐवज, व्यापारी माल आणि खजिना.

हिंदुस्थानात निरनिराळ्या प्रांतांनी हा सांगाडा उचलला आणि त्यात आपापला मजकूर भरला. ओडिशात रामायणातील पात्रांची पाने झाली. बंगालमध्ये विष्णुपूर येथे दशावताराची पाने रंगविली गेली. म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वाडियार (१७९४-१८६८) यांनी तर नवनवे आणि अतिशय गुंतागुंतीचे संच कल्पिले. महाराष्ट्रात दशावतारी संच लोकप्रिय झाला व त्याचे प्रमुख केंद्र सावंतवाडी हे संस्थान राहिले.

दशावतारी संचात दहा रंग व १२० पाने असतात. पाने गोल. राजाच्या पानावर त्या त्या अवताराची प्रतिमा, प्रधानाच्या पानावर बऱ्याच संचांत घोडेस्वार, आणि उरलेल्या दहा पानांवर त्या अवताराची खूण एकापासून दहापर्यंत. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, वराहाची शंख, नरसिंहाची चक्र, वामनाची कमंडलू, परशुरामाची परशू, रामाची बाण, कृष्णाची गाय, बुद्धाची कमळ आणि कल्कीची तलवार. प्रांतागणिक व चिताऱ्यागणिक या खुणांत फरक पडतो, हेही नमूद केले पाहिजे. प्रत्येक रंगाची जमीन निराळ्या वर्णाची असते. पत्त्यांच्या जातीला आपण 'रंग' का म्हणतो याचे उत्तर ही पाने हातात घेतली की मिळते.

खेळाची रीत :

दशावतारी गंजिफा साधारणतः तिघांनी खेळावयाचा. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा आला तो सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो. मोगल संचात हीच रीत दिवसा सोन्याचे आणि रात्री चांदीचे नाणे अशी होती. सूर्य व चंद्र हा त्यामागील संकेत उघड आहे. या खेळात आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखा सर्वांवर भारी ठरणारा हुकमाचा रंग नाही. दहाही रंग सारख्या मानाचे. एखाद्या रंगातील वरची सर्व पाने खेळून गेली की उरलेल्यांत जे सर्वांत वरचे, ते 'हुकूम' होते. म्हणजे मत्स्याचा राजा व प्रधान गेले की त्याखालचे पान हुकूम. ते ज्याच्या हाती आहे त्याला ते ठाऊक असले पाहिजे, आणि ठाऊक असण्याचा एकच मार्ग म्हणजे आतापर्यंत काय काय पडले हे ध्यानात ठेवणे.

त्यातच एक मेख आहे. निम्म्या रंगांत राजा व प्रधान यांच्यानंतर दहा, नऊ, आठ असा उतरता मान असतो. उरलेल्या निम्म्यांत प्रधानानंतर एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. नवशिक्याची फजिती येथेच होते.

सावंतवाडी : पाने राहिली, डाव गेला

कारखान्यात छापलेले बावन पानांचे स्वस्त जोड बाजारात आल्यावर हाताने रंगविलेला गंजिफा मागे पडला. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर लेप द्यायचा, गोल कापायचे, एकेक पान रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. १२० पानांसाठी हे सर्व करणाऱ्या चिताऱ्याला छापखान्याशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडीत ही कला जाणणारे मोजकेच चितारी उरले होते. त्यांपैकी पुंडलिक चितारी यांच्याकडून राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिची कार्यशाळा सुरू केली. आजही राजवाड्यात गेल्यास कारागीर पाने रंगविताना दिसतात. मुंबईत वास्तव्य केलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफांचा मोठा संग्रह व अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासावर आधारित प्रदर्शन १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरले होते.

हे सर्व अभिनंदनीय आहे. मात्र यात एक उणीव राहिली. वाचली ती कला. खेळ मात्र वाचला असे म्हणवत नाही. संच विकत घेणारा पर्यटक तो भिंतीवर चौकटीत लावतो, शोकेसमध्ये ठेवतो किंवा लग्नात भेट देतो. डाव मांडणारा विरळा. खेळाचे साधन शोभेची वस्तू झाले की त्याचे नियम एका पिढीत विसरले जातात, आणि नियम विसरलेले पान हे केवळ लहानसे चित्र उरते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरीही हेच झाले. परळीहून सावंतवाडी म्हणजे राज्याचे दुसरे टोक. कोकण पाहून परतताना तेथील चितार आळीत लाकडी खेळण्यांबरोबर दशावतारी संच घेतला. घरी सासूबाईंनी तो पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "हे जुगाराचं सामान घरात कशाला आणलंस माय?" त्यांना पानांवरचे देव दाखविले, तेव्हा त्यांचे म्हणणे आणखी कडक झाले : देवाची चित्रे जमिनीवर आपटायची नसतात. एका रविवारी पती, लेखिका आणि महाविद्यालयातील उर्दू विभागाचे एक सहकारी असा तिघांनी डाव मांडला. या सहकाऱ्यांना ताज, शमशेर, बरात हे शब्द अर्थासह ठाऊक होते, त्यामुळे पूर्वपीठिका छान रंगली. डाव मात्र अर्ध्यावर मोडला. कोणते पान पडले, कोणत्या रंगात एक्का मोठा आणि कोणत्यात लहान, यांपैकी काहीच ध्यानात राहिना. संच शोकेसमध्ये गेला, तो सात-आठ महिने तेथेच होता.

पत्ते आणि गोष्ट : इतरत्र झालेले प्रयोग

चित्र समोर ठेवून गोष्ट सांगणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या भागापासून फार दूर नव्हे. सावंतवाडीच्या शेजारच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा टिकविली असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. तेथे चित्रांची पोथी असते व एकेक चित्र पुढे करीत कथा लावली जाते. चित्रांचा क्रम ठरलेला असतो.

पत्त्यांचे तसे नाही. पत्ते पिसले जातात. क्रम मोडणे हाच त्यांचा धर्म. ठरलेली गोष्ट आणि पिसलेला क्रम यांची गाठ घालण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात युरोपात झाले. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये परीकथांचे विश्लेषण करून त्यांत एकतीस प्रकारच्या घटना क्रमाने येतात असे दाखविले. इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३ च्या 'कल्पनेचे व्याकरण' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात, प्रॉपच्या या घटनांचे पत्ते करून मुलांनी गोष्टी कशा रचल्या याची हकीकत दिली आहे. इतालो काल्विनो यांनी टॅरोच्या पत्त्यांवरून कादंबरी रचली. तीत बोलू न शकणारे प्रवासी टेबलावर पत्ते मांडून आपापली कहाणी सांगतात. पुढे घरगुती खेळ बाजारात आले. १९९३ मध्ये 'वन्स अपॉन अ टाइम' हा खेळ निघाला. त्यात प्रत्येकाच्या हाती परीकथेतील व्यक्ती, वस्तू, घटना यांची पाने असतात. एकजण गोष्ट सांगत असताना त्याच्या तोंडी आपल्या पानावरची वस्तू आली तर आपण ते पान टाकून गोष्ट आपल्याकडे ओढून घ्यायची. २००८ चा 'दीक्षित' हा फ्रेंच खेळ तर २०१० मध्ये जर्मनीतील वर्षातील सर्वोत्तम खेळाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यात गोष्ट लांब नसते. चित्राला सूचक असे एखादे वाक्य बोलायचे आणि इतरांनी ते चित्र ओळखायचे. या खेळाच्या नावाचा आपल्याकडील आडनावाशी काही संबंध नाही, तो 'त्याने म्हटले' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आमच्या सहकाऱ्यांत यावरून बराच विनोद झाला.

घरातील खेळ :

शोकेसमधील संच बाहेर आला तो लेखिकेच्या नऊ वर्षांच्या मुलीमुळे. तिने मत्स्याचा राजा आजीपुढे धरून हा कोणाचा मासा असे विचारले. पत्त्यांना विटाळ मानणाऱ्या आजीने पान हातात घेतले आणि मनूची गोष्ट लावली. ओंजळीतला मासा तांब्यात टाकला, तांब्यात मावेना म्हणून घागरीत, घागरीतून आडात, आडातून बारवेत. पोथीत पुढे नदी व समुद्र येतात. आजीच्या गोष्टीत बारवेनंतर नागापूरचे धरण आले. मुलीने विचारले, "आणि धरणात पाणीच नसलं तर?" परळीत वाढणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडणे साहजिक होते. २०१५ मध्ये पाण्याअभावी येथील औष्णिक वीजनिर्मिती केंद्र बंद ठेवावे लागले होते आणि त्या दुष्काळाच्या आठवणी घरात अजून ताज्या आहेत. आजी थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "मग माशाला टँकरची वाट बघावी लागंल." गोष्ट तेथून निराळीच झाली.

या प्रसंगानंतर हळूहळू खेळ आकाराला आला. तो असा : सर्व १२० पाने न घेता दहा राजे, दहा प्रधान आणि प्रत्येक रंगाची दोन-तीन संख्येची पाने घ्यावयाची. प्रत्येकास पाच पाने. राजाचे पान पडले की तो अवतार किंवा त्याच्या गोष्टीतील मुख्य व्यक्ती कथेत आली पाहिजे. प्रधानाचे पान म्हणजे मदतनीस. संख्येचे पान म्हणजे तितक्या वस्तू : कमंडलूची तिर्री आली तर तीन तांबे, शंखाची सत्ती आली तर सात शंख, आणि ते कशासाठी हे सांगणाऱ्याने पटवून द्यायचे. सांगताना दुसऱ्याच्या हातातील खूण तोंडून निघाली तर त्याने पान टाकून गोष्ट आपल्याकडे घ्यावयाची. हा शेवटचा नियम अर्थातच वर सांगितलेल्या परदेशी खेळाकडून उसना घेतला आहे. हातातली पाने ज्याची प्रथम संपतील त्याने गोष्टीचा शेवट करावयाचा, आणि तो शेवट इतरांना मान्य झाला तरच जिंकला असे धरावयाचे. मान्य न झाल्यास आणखी एक पान उचलावयाचे. आजी शेवट सहसा मान्य करीत नाहीत.

पाने जमिनीवर आपटायची नाहीत, पाटावर ठेवायची, हा आजींचा नियमही पाळला जातो. पैसे अर्थातच नाहीत.

गोष्ट कोणाची? :

येथवरचे वर्णन वाचून हा खेळ म्हणजे पुराणकथांच्या उजळणीचे एक साधन असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही, आणि लेखिकेच्या मते या खेळाचे खरे मोल तेथेच आहे.

वामनाच्या पानापासून सुरुवात झाली. कमंडलूचे पान आले की पोथीप्रमाणे वामनाने तीन पावले भूमी मागितली आणि बळीला पाताळात घातले, एवढे सांगून पुढे जाता येते. परंतु आपल्या भागात शेतकऱ्यांच्या घरात बळी हा खलपुरुष नाही. बलिप्रतिपदेला त्याचे राज्य परत यावे अशी इच्छा बोलून दाखविली जाते. पतीने गोष्ट सांगताना वामनाची बाजू घेतली, तेव्हा वामनाच्या पूजेत कधी खंड न पाडणाऱ्या आजींनीच गोष्ट ओढून घेतली आणि देणाऱ्यालाच गाडले तर दान करणार कोण, असा सवाल केला. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथांचा उलटा अर्थ लावला व बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले, हे आजींनी वाचलेले नाही. दशावताराच्या कथा मराठीत गेली दीडशे वर्षे वादाचा विषय आहेत आणि तो वाद पुस्तके न वाचलेल्या माणसांच्या मनातही चालू असतो, याचा प्रत्यय त्या दिवशी आला.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक होता. घरी नेहमी येणाऱ्या लेखिकेच्या एक मैत्रीण बौद्ध आहेत. त्यांच्या हाती कमळाचा राजा आला. त्यांनी पान उलटे करून पाटावर ठेवले आणि आपण हे पान खेळणार नाही असे शांतपणे सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षा घेतली. आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार होय ही गोष्ट नाकारण्याची आहे. ज्या घरात ही प्रतिज्ञा लहानपणापासून ऐकली गेली तेथील व्यक्तीला नववा अवतार म्हणून कमळाचे पान पुढे करणे हा तिच्या दृष्टीने साधा खेळ राहत नाही. लेखिकेला याचे भान आधी यावयास हवे होते. विषयाची पुस्तके वाचली, संचातील खुणांची तुलना केली, आणि पाटाभोवती कोण बसणार आहे याचा विचार तेवढा राहून गेला.

त्या दिवशी खेळ थांबला. चहा झाला. नवव्या जागेचा प्रश्न परंपरेतही सुटलेला नाही, यावर बोलणे झाले. महाराष्ट्रात काही जुन्या पंचांगांत व मंदिरांतील चित्रांत नवव्या अवताराच्या जागी विठ्ठल दाखविलेला आढळतो. ओडिशात तेथे जगन्नाथ येतो. म्हणजे ही जागा भरण्याबाबत चित्रकारही एकमताचे नव्हते. अखेर मैत्रिणीनेच मार्ग सुचविला. कमळाचा रंग संचात राहू द्यावा, मात्र तो कोणाचाही अवतार नव्हे. त्याची गोष्ट सिद्धार्थाची, स्वतंत्र, आणि ती तिच्या पद्धतीने सांगितली जाईल. पुढच्या वेळी तिने हंसाची गोष्ट सांगितली : देवदत्ताने बाण मारला, सिद्धार्थाने हंस वाचविला, हंस कोणाचा? बाणाचे पान मुलीच्या हातात होते. तिने ते टाकले, परंतु गोष्ट ओढून घेतली नाही, ऐकत राहिली.

गंजिफाच्या मूळ नियमांत कोणताही रंग दुसऱ्यावर भारी नाही, हे वर सांगितले आहे. तेथे ती केवळ खेळाची सोय होती. गोष्टीच्या खेळात तिला वेगळा अर्थ आला. दहा रंगांत एक रंग ज्याने त्याने आपल्या अर्थाने धरला तरी डाव मोडत नाही. कीर्तनात किंवा वर्गात सांगणारा एकच असतो, ऐकणाऱ्याला मध्येच आपले पान टाकता येत नाही. येथे ते येते, आणि खेळाचा नियम म्हणून येत असल्याने त्यात कोणाचा उपमर्द होत नाही.

महाविद्यालयात :

हा खेळ विभागातील काही विद्यार्थ्यांना दाखविला, तेव्हा एक व्यावहारिक अडचण आली. लाखेचा संच किमती असल्याने अनेक हातांत देता येत नाही. विद्यार्थिनींनी जुन्या लग्नपत्रिकांवर बांगडी ठेवून गोल पाने कापली. खुणा काय काढायच्या, यावर मात्र त्यांनी अवतार घेतले नाहीत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास फार मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांची मुले अनेकदा गावी आजीआजोबांकडे राहतात. आमच्या वर्गात अशी मुले-मुली आहेत. त्यांच्या संचात कोयता, मोळी, बैलगाडी, पाल, उचल असे रंग आले. फडात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्यामुळे कोयत्याच्या दुर्रीचा अर्थ दोन माणसे की चार, यावर पहिला वाद झाला. उचलीची दश्शी हे पान मोठे मानावे की लहान, हा दुसरा. उलट्या मानाच्या रंगांची रीत त्यांना सांगितली, तेव्हा उचल हा रंग उलटा धरावा, जितकी मोठी तितके पान हलके, असे एका मुलीने ठरविले व ते सर्वांनी मान्य केले. गंजिफातील ही मेख समजावून देण्यासाठी लेखिकेला पूर्वी दोन तास घालवूनही यश आले नव्हते.

राजाच्या जागी कोण, हे अद्याप ठरलेले नाही. मुकादमाला प्रधान करण्यावर मात्र लगेच एकमत झाले.

मूळ खेळाकडे :

गोष्टीच्या नादात मूळ डाव विसरला जाईल, अशी शंका एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी व्यक्त केली होती. ती रास्त होती. या उन्हाळ्यात पती, मुलगी व लेखिका असे तिघे पुन्हा एकदा पूर्ण १२० पाने घेऊन बसलो. पहिल्या वेळी जो डाव अर्ध्यावर मोडला होता तो शेवटास गेला, जरी त्याला जवळजवळ दीड तास लागला. वर्षभर गोष्टींत वापरून वापरून पाने ओळखीची झाली होती; कल्कीची तलवार कोणत्या हाती पडली, सात शंख कधी गेले, हे आकड्यांनी नव्हे तर त्यांच्या गोष्टींनी आठवत होते. सासूबाई डावात बसल्या नाहीत. त्या शेजारी वाती वळीत होत्या आणि कोणी अडखळले की परशुरामाचा प्रधान मघाशीच पडला, असे मान वर न करता सांगत होत्या. अंधार पडल्यावर दुसरा डाव मांडला, तेव्हा रामाचा राजा हाती असलेल्या पतीने पान उतरण्यासाठी हात पुढे केला. मुलीने त्यांना थांबविले आणि स्वतःजवळचा कृष्णाचा राजा पाटावर ठेवला.